विषयाची ओळ आधी उलगडा

प्रश्न असा आहे: विषयाच्या ओळीतले शब्द पाहून नको असलेले मेल अडवणारी पायथन स्क्रिप्ट ‘नोकऱ्या’ असलेले मेल सोडून देते. तिच्या नियमांचा क्रम चुकलाय असं एका उत्तरात म्हटलंय, मला ते पटत नाही. इंग्रजी शब्दांचे मेल अडतात आणि ‘नोकऱ्या’वाले तेवढे सुटतात, खरी खूण इथेच आहे. देवनागरी विषय सहसा बेस६४ मध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून येतो, म्हणून स्क्रिप्टला तो शब्द दिसतच नाही. पायथनमध्ये तो आधी डीकोड करा, म्हणजे मूळ रूपात आणा, मग शब्द शोधा.

तरीही माझ्याकडे काही मेल निसटायचे. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं: कुणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड या संगणकाच्या अक्षरयादीत क्रमांक ०९३१) वापरतं, तर कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (क्रमांक २००डी, अक्षरं जोडायचं शून्य रुंदीचं चिन्ह). डोळ्यांना दोन्ही ‘नोकऱ्या’ सारख्याच, स्क्रिप्टला वेगळ्या. युनिकोडचं एनएफसी रूपांतर (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करायची पद्धत) हेही हे जुळवत नाही. तुलनेआधी दुसरं रूप बदलून सरसकट ‘ऱ्’ करून घ्या.