ऑफिसात आपलेपणा हवाच कशाला?

निवांत_वाचक (धागाकर्ता)
हल्ली प्रत्येक कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मनात 'आपलेपणा' रुजवायचा असतो. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या गाजलेल्या १२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तर कामाच्या ठिकाणी जिवलग मित्र आहे का, हेही तपासतात! माझ्या मते नोकरी हा करार आहे. पगार वेळेवर द्या, बढतीचे निकष आधी सांगा, सुट्टीच्या दिवशी फोन करू नका. 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणारेच नोकरकपातीच्या दिवशी एका ईमेलवर नातं तोडतात. पटत नसेल तर मांडा.

कोपऱ्यातलं_टेबल
कुटुंबाच्या नाटकाबद्दल सहमत, बाकी साफ असहमत. कुठेतरी सामावलं जाणं ही माणसाची मूलभूत गरज आहे, असं बॉमाइस्टर आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ सालीच मांडलंय. ती चपलांसारखी ऑफिसबाहेर काढून ठेवता येत नाही.

२००३चा आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलेल्या लोकांना चेंडू फेकाफेकीचा साधा संगणकीय खेळ दिला. थोड्या वेळाने पडद्यावरचे बाकीचे दोघे यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. तेवढ्याने मेंदूतला, शारीरिक वेदनेतही जागा होणारा एक भाग सक्रिय झाला. तेही अनोळखी खेळाडूंमुळे! मग रोजच्या मीटिंगमध्ये ज्याच्याकडे कुणी चेंडू टाकतच नाही, त्याचं काय होत असेल?

निवांत_वाचक
प्रयोग रोचक आहे. पण यावर एचआरचा उपाय काय असतो? फन फ्रायडे आणि एकसारखे टी-शर्ट.

कोपऱ्यातलं_टेबल
टी-शर्टचं समर्थन कोण करतंय? एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर लिहिलं: प्रश्न विचारला, चूक सांगितली तरी पाणउतारा होणार नाही, हा सगळ्यांचा विश्वास. गूगलने स्वतःच्या टीम तपासल्या तेव्हाही हीच गोष्ट सगळ्यात वर आली. याला बजेट लागत नाही. निर्णय झाल्यावर कळवण्याऐवजी आधी विचारा, ज्याची कल्पना त्याचं नाव घ्या. आणि नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात त्या असंख्य शॉर्टफॉर्मांचा अर्थ कुणीतरी सांगा हो!

दोन_वर्षं_टेम्पररी
मी कंत्राटी. काम तेच, ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची. टीमच्या फोटोसाठी आम्हाला 'जरा बाजूला व्हा' म्हणतात, डेडलाइनला मात्र आम्ही टीमच असतो. वर अजून कुणी आमचा उल्लेखही केलेला नाही, हे फक्त नोंदवून ठेवतो.

वाकडा_प्रश्न
आपलेपणा फार मुरला की वेगळं बोलणारा परका ठरतो. गटाची एकी टिकवण्याच्या नादात शहाणी माणसंही शंका गिळतात, हे मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं. आमच्या टीममध्ये सगळे एकमेकांचे दोस्त. चुकीच्या प्लॅनवर बोट ठेवलं तर 'निगेटिव्ह' म्हणून मोकळे. त्यापेक्षा थोडा परकेपणा परवडला.

कोपऱ्यातलं_टेबल
@वाकडा_प्रश्न, ती टोळी झाली. तुम्ही शंका काढूनही तुमची खुर्ची पक्की राहिली, तर मी आपलेपणा म्हणेन.
@दोन_वर्षं_टेम्पररी, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दोरीचा रंग बदलायला एक दिवस पुरेल, पण कुणाला बदलायचाच नसतो.

निवांत_वाचक
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. समान वागणूक, बोलण्याची मुभा, हे सगळं करारात लिहून घेऊ. मायेचं लेबल कशाला?

कोपऱ्यातलं_टेबल
मीटिंगमध्ये तुमचं बोलणं दरवेळी मध्येच तोडलं जाणार नाही, हे कुठल्या कलमात लिहाल?

निवांत_वाचक
कलम नसलं तरी तक्रार करता येते.

दोन_वर्षं_टेम्पररी
कुणाकडे? तोडणाऱ्याकडेच ना?