शब्दचर्चा : हस्तक्षेप, मध्यस्थी की हटकणे?

अनुवादक :
स्त्रियांवरील हिंसा रोखण्यात पुरुषांचा वाटा काय असावा, या विषयावरील एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठीकरण करत आहे. हिंसा करणारा आणि ती सोसणारी यांच्याखेरीज तिथे हजर असलेला तिसरा माणूस, म्हणजे ‘बायस्टँडर’, आणि त्याचे ‘इंटरव्हेन्शन’ हे दोन शब्द तिच्यात पानोपानी येतात. पहिल्यासाठी ‘बघ्या’ आणि दुसऱ्यासाठी ‘हस्तक्षेप’ असे तूर्त लिहिले आहे, परंतु ‘बघ्याने हस्तक्षेप करावा’ हे वाक्य कानाला खटकते. जाणकारांनी मत द्यावे.

कोशप्रेमी :
खटकणे साहजिक आहे. ‘बघ्याची भूमिका घेतली’ असे आपण दोष देतानाच म्हणतो, आणि ज्याने पुढे यावे अशी अपेक्षा आहे त्याला आरंभीच दोषी ठरवणारे नाव देणे बरे नव्हे. ‘साक्षीदार’ म्हटले की न्यायालय डोळ्यांसमोर येते. ‘त्रयस्थ’ म्हणजे ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही असा, आणि पुस्तिकेचा सारा खटाटोप तर संबंध आहे हे पटवण्यासाठी चाललेला दिसतो. ‘तिथे हजर असलेला’ हे लांबट असले तरी स्वच्छ आहे.

‘हस्तक्षेप’ मात्र मी मुळीच ठेवणार नाही. मराठीत हस्तक्षेप बहुधा नकोसाच असतो: राजकीय हस्तक्षेप, अंतर्गत बाबींतील हस्तक्षेप, दुसऱ्याच्या कामातील हस्तक्षेप. घरातील मारहाण झाकू पाहणारा माणूसही ‘हा आमचा खासगी मामला आहे, यात हस्तक्षेप नको’ असेच म्हणतो. हा शब्द वापरला तर आपण त्याच्या तक्रारीला आधीच मान्यता दिल्यासारखे होते. ‘मध्यस्थी’ त्याहून वाईट, कारण मध्यस्थ दोन्ही बाजूंचे ऐकून दोघांनाही थोडे मागे सरायला लावतो. मार खाणारीने नेमके कशातून मागे सरायचे?

एक वाचक :
मग सरळ ‘स्त्रीरक्षण’ आणि ‘रक्षणकर्ता’ का म्हणू नये? पुरुषांना ते लगेच भावेल.

कार्यशाळा-चालक :
भावेल, आणि अडचण तिथेच आहे. ‘रक्षण’ म्हटले की धोका बाहेरून, अनोळखी माणसाकडून येतो असे गृहीत धरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली आहे, आणि यातील मोठा भाग जोडीदाराने केलेल्या हिंसेचा आहे. म्हणजे ज्याला आपण रक्षणकर्ता म्हणून नेमायला निघालो आहोत, पुष्कळदा तोच हिंसा करणारा असतो. शिवाय रक्षणाच्या नावाखाली तिचे जाणे-येणे, कपडे, फोन यांवर पहारा बसतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या जाहीरनाम्यात हिंसेच्या व्याख्येत धमकी, जबरदस्ती आणि स्वातंत्र्य मनमानीपणे हिरावून घेणे यांचाही समावेश आहे, मग ते सार्वजनिक आयुष्यात घडो वा खासगी. पहारा अति झाला की तो या व्याख्येत सहज बसतो.

माझी सूचना ‘हटकणे’ या क्रियापदाची आहे. हटकण्यात मारामारी नाही, शौर्य नाही आणि परवानगी मागणेही नाही. ‘हे काय चालले आहे?’ एवढे विचारले की हटकणे झाले. मुख्य म्हणजे ते अनोळखी माणसाला उद्देशून करता येते तसेच भावाला, मित्राला, सहकाऱ्यालाही उद्देशून करता येते, आणि पुरुषांकडून खरी अपेक्षा या दुसऱ्या प्रकाराचीच आहे. बायकोला चारचौघांत घालून पाडून बोलणाऱ्या मित्राला त्याच्याच वर्तुळातील पुरुषाने हटकले, तर ‘सगळे असेच वागतात’ हा त्याचा आधार निघून जातो.

कोशप्रेमी :
शब्द उत्तम आहे, पण तो पूर्ण क्षेत्र व्यापत नाही. अशा प्रशिक्षणांत साधारणतः पाच मार्ग शिकवले जातात: वेळ किंवा रस्ता विचारून लक्ष दुसरीकडे वळवणे, आणखी कोणाला मदतीला बोलावणे, घडले त्याची नोंद ठेवणे, नंतर तिची विचारपूस करणे आणि थेट हटकणे. पहिल्या चारांना हटकणे म्हणता येणार नाही, आणि जिथे हटकल्याने तिचाच धोका वाढेल तिथे तेच चार उपयोगी पडतात. सर्वांना मिळून ‘मध्ये पडणे’ म्हणावे. पाचव्यासाठी ‘हटकणे’ राखून ठेवावे.

अनुवादक :
हे पटले. आणखी एक अडचण आहे. ‘व्हाइट रिबन’ ही पुरुषांची मोहीम १९९१ साली कॅनडात सुरू झाली. त्याआधी, ६ डिसेंबर १९८९ रोजी, माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका पुरुषाने १४ स्त्रियांची हत्या केली होती. मोहिमेच्या शपथेचे तीन भाग आहेत. मी लिहिले आहे: ‘हिंसा करणार नाही, हिंसेचे समर्थन करणार नाही, हिंसेविषयी मौन बाळगणार नाही.’

कार्यशाळा-चालक :
‘समर्थन’ बदलावे. उघड समर्थन फार थोडे लोक करतात, त्यामुळे ही शपथ कोणीही निश्चिंतपणे घेईल. ‘खपवून घेणार नाही’ म्हटले की विनोदावर हसणे, ‘तिचेही काही चुकले असेल’ म्हणणे, ‘तो मनाने चांगला आहे’ म्हणून सोडून देणे, हे सगळे त्यात येते.

जाता जाता वाक्यरचनेविषयी: ‘तिला मारहाण झाली’ या वाक्यात मारणारा कुठेच नाही, जणू पाऊस झाला. पुस्तिका पुरुषांसाठी आहे, तेव्हा शक्य तिथे ‘नवऱ्याने तिला मारले’ असा कर्ता लिहावा. त्या पुरुषाला थांबवा असे सांगायचे असेल, तर तो वाक्यात असायला हवा.

अनुवादक :
तसे बदल करतो. ‘मध्ये पडणे’ मथळ्यात थोडे बोलीतले वाटते, तरी तेच ठेवत आहे.