कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्यांची सजगता मोजायची कशी?

मुक्ता_प
नमस्कार. एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे आपत्कालीन फोन घेणाऱ्यांची सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे हातातल्या क्षणाचं भान) आणि ताण. ब्राउन आणि रायन यांची २००३ची 'माइंडफुल अटेन्शन अवेअरनेस स्केल' ही सजगता मोजणारी प्रश्नावली वापरायचं ठरतंय. १५ विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण, सरासरी जास्त तितकी सजगता जास्त. भरायला सोपी आहे, म्हणून गाईडना पसंत आहे. पण 'कामं यंत्रवत होतात, काय करतोय याचं फारसं भान नसतं' अशा अर्थाच्या विधानापाशी मी अडले. फोन घेणारी व्यक्ती ठरलेले प्रश्नच विचारते. तिला इथे कमी गुण पडले तर ते खरे मानायचे का? कोणी हे काम केलंय का?

रात्रपाळी
मुक्ता, अगं-तुगं करते, चालेल ना? रुग्णवाहिकेच्या कॉल सेंटरला मी बरीच वर्षं काढलीत. तुझी शंका रास्त आहे. कुठून बोलताय, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे प्रश्न तोंडात बसलेलेच लागतात. ते आठवत बसलं तर समोरच्याचं ऐकायचं कधी?

एक बाई रडत एवढंच सांगत होत्या, 'मारुतीच्या देवळाजवळ या.' मारुतीचं देऊळ नसलेलं गाव दाखव मला! तोंडाने माझे प्रश्न चालूच होते, पण मागे लाउडस्पीकरवर एसटीची घोषणा ऐकू आली. 'ताई, स्टँड जवळ आहे का?' 'हो, समोरच.' मग 'कुठला स्टँड' म्हटल्यावर गावाचं नाव निघालं आणि गाडी सुटली. प्रश्न यंत्रवत होते म्हणूनच कान मोकळे होते. तुझ्या कागदावर मात्र याचे गुण कापले जाणार.

त्यात नकळत खाण्याबद्दलही विधान आहे ना? कानाला हेडसेट, पुढ्यात डबा, दोन घास खाल्ले की कॉल. भाजी कुठली होती हे संध्याकाळी कोणाला आठवणार? ते ब्रेक न मिळाल्याचं माप झालं, मनाचं नाही.

आम्ही खरंच हरवतो ते वाईट कॉलनंतरच्या कॉलला. लहान मुलाचा कॉल संपतो, पुढे काय झालं ते कळत नाही, आणि लगेच छातीत दुखणारे आजोबा लाइनवर. मन मागेच अडकलेलं असतं, सांगितलेला पत्ता पुन्हा विचारला जातो. मोजायचं तर ते मोज.

आणि फॉर्म सुपरवायझरच्या हातून अजिबात वाटू नकोस. नोकरीची भीती असते गं. सगळे चांगलंच लिहून देतील.

जुना_मास्तर
ताईंनी दुखणं नेमकं सांगितलं. मुक्ता, उत्तर अमेरिकेतल्या डिस्पॅचर्सवर, म्हणजे ताईंसारखं काम करणाऱ्यांवर, 'डीस्ट्रेस ९-१-१' नावाची चाचणी झाली (९-१-१ हा तिथला आपत्कालीन नंबर), २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. सात आठवड्यांचं ऑनलाइन माइंडफुलनेस प्रशिक्षण. प्रशिक्षण घेतलेल्या गटाची ताणाची लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा कमी झाली, पण तू म्हणतेस त्याच स्केलवरच्या बदलात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांचे गुण वाढले त्यांचा ताण मात्र उतरलेला होता. म्हणजे स्केल अगदीच टाकाऊ नाही, पण एकट्या सरासरीवर निष्कर्ष काढू नकोस. प्रत्येक विधानाची उत्तरं सुटी तपास.

बेअर आणि सहकाऱ्यांची २००६ची सजगतेच्या पाच पैलूंची प्रश्नावली बघ. ३९ विधानं आहेत, पण आलेल्या विचाराला लगेच प्रतिक्रिया न देणं हा पैलू त्यात वेगळा मोजता येतो. ताईंच्या 'पुढच्या कॉल'ला तो जवळचा. 'निरीक्षण' हा पैलू ध्यान न करणाऱ्यांत नीट चालत नाही, त्यावर भिस्त नको.

शिवाय सजगतेसाठीच आपले श्वास मोजण्याची चाचणी आहे, २०१४ची. पहिल्या आठ श्वासांना एक बटण, नवव्याला दुसरं. गणती कुठे चुकली ते यंत्रच टिपतं. इथे चांगलं दिसण्यासाठी उत्तर बदलता येत नाही.

मुक्ता_प
सर, ताई, मनापासून आभार. प्रश्नावलीबरोबर श्वासमोजणीही ठेवते, आणि 'मागचा कॉल डोक्यात होता का' एवढा एकच प्रश्न दर शिफ्टला विचारते. ताई, शिफ्ट सुटताना विचारू का?

रात्रपाळी
नको. तेव्हा प्रत्येकाला बस गाठायची असते. पाळी मध्यावर आली की चहाला उठतात ना, तेव्हा विचार. आणि चहा थंड होऊ देऊ नकोस त्यांचा.