डायलिसिस, एकादशी आणि हातातला गंडा: माळकरी घरात कसं जमवायचं?

फलटणची सून

आमचं घर माळकरी. सासरे, म्हणजे नाना, दरवर्षी आळंदीहून दिंडीत चालायचे. आत्या (माझ्या सासूबाई) एसटीनं पंढरपूर गाठायच्या. नानांची शुगर जुनी, तिनं दोन्ही किडन्या घालवल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत बसतंय म्हणून निभतंय, पण जाण्यायेण्याचं आणि वरच्या औषधांचं आपणच बघायचं. दोन गाई विकल्या. उसाचं बिल अडकलंय. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या दिरांनी बोलणं टाकलंय.

नाना मात्र खचलेले नाहीत. दिवसाला एक लिटर पाणी सांगितलंय. आत्या सकाळी मापानं बाटली भरून देवापुढे ठेवतात. नाना तीर्थाचा चमचासुद्धा त्या बाटलीतूनच घेतात, वरचा नाही. मशीनवर असताना डोळे मिटून पुटपुटत नाम घेत राहतात. बीपी खाली जायला लागलं की आधी त्यांचं नाम अडखळतं, तेवढ्यावर मी सिस्टरना हाक मारते. मग मशीनवर आकडा दिसतो.

आता अडचणी. कार्तिकी एकादशीला नानांनी रताळी, शेंगदाण्याचा लाडू, खजूर असं सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पायातलं बळच गेलं, रक्तातलं पोटॅशियम चढून ६.८! डॉक्टरांनी उपास बंद सांगितला. नाना म्हणतात, माळ घातलीय, एकादशी मोडणार नाही. दुसरं, वन्सं कुठूनसा गंडा घेऊन आल्या आणि डायलिसिसच्या सुया टोचतात त्या फिस्टुलाच्याच हाताला बांधून गेल्या. वर सांगितलंय की मशीन सोडा, काढा देते तो प्या. आत्या डळमळल्यात. तिसरं, नानांना रिंगण बघायचंय आणि आषाढीला पंढरपूरही. एखादं डायलिसिस चुकलं तर चालतं का?

ज्यांनी घरात हे काढलंय त्यांनी सांगा. ‘देवबिव सोडा’ म्हणणाऱ्यांना रामराम.

मशीन नंबर चार

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. बाकीचं नंतर वाचा, गंडा आधी काढा. फिस्टुला म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली वाट. वर काही आवळून बांधलं तर आत रक्त गोठून ती बंद पडू शकते. मग मानेत नळी, पुन्हा ऑपरेशन, सगळं पहिल्यापासून. त्या हाताला बीपी नाही, डायलिसिसची सोडून दुसरी सुई नाही, बादली उचलणं नाही, त्यावर झोपणंही नाही. रोज सकाळी बोटं ठेवून बघा, थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर थेट सेंटरला, दुपारची वाट बघू नका.

वन्संशी भांडू नका. गंडा देवाऱ्यात ठेवा.

काढा अजिबात नको. कशाचा पाला, कशाची मुळी, कुणाला माहीत? आणि तोही त्या एक लिटरमध्येच मोजावा लागेल. डायलिसिस चुकवायचा विचारही करू नका. आठवड्यात एकदा दोन दिवसांचा खाडा पडतो ना, त्याच्यानंतरच आमच्याकडे दम लागलेले पेशंट जास्त येतात. तारीख बदलून मागा, आधी सांगितलं तर बरीच सेंटरं ऐकतात.

बार्शीची मावशी

आमचे हे डायलिसिसवर होते, म्हणून सांगते. पाण्याचा उपास तर नानांना रोजचाच आहे गं, घात करतो तो फराळ. रताळं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, केळं, शहाळ्याचं पाणी, सगळ्यात पोटॅशियम भरलेलं. त्या मानानं साबुदाण्यात आणि वरीत कमी. मी वरीचा भात करायचे, तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याची आमटी नाही. बटाटा हवाच असला तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी मोरीत. कमी सोडियमचं म्हणून मिळतं ते मीठ आणू नकोस, त्यात पोटॅशियमच घालतात.

पण आधी डॉक्टरांना विचार, एवढं तरी चालेल का. इन्शुलिन चालू असेल तर त्या दिवशी किती द्यायचं तेही विचार. उपाशीपोटी शुगर उतरली की फार धावपळ होते. आणि डायलिसिसवाल्याला प्रथिनं जास्त लागतात, म्हणून सोमवार-चतुर्थी तर नकोच.

पुणेकर, नाइलाजानं

रामराम केलात तरी लिहितो. डॉक्टर नाही म्हणालेत ना? मग वरी की साबुदाणा, ही चर्चाच कशाला?

टाळकरी

पुणेकर, माळकऱ्याला एकादशी सोड म्हणणं तुम्हाला सोपं वाटतं. घरात सांगून बघा म्हणजे कळेल.

सूनबाई, हे तुमच्या तोंडून नाना ऐकणार नाहीत. त्यांनी ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांना फोन लावा. आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही हे कुठलेही महाराज सांगतील, आणि ते बोलले की विषय मिटतो. गंड्याचं म्हणाल तर आत्यांनाच विचारा, गळ्यात तुळशीची माळ असताना हाताला दुसरं काही बांधायची गरज का पडली?

रिंगणाला चांदोबाच्या लिंबाला न्या. लोणंद ते तरडगावच्या वाटेवर उभं रिंगण होतं, तुम्हाला जवळ पडेल. वाहनं लांब अडवतात, तेव्हा लवकर निघा आणि सावलीत बसवा. उन्हात तहान लागली तर एक लिटर पुरायचं नाही. आषाढीला पंढरपूर मात्र नको. त्या गर्दीत गाडी अडकली तर परत कसं आणणार? पुढं एखाद्या साध्या दिवशी मुखदर्शन घडवा.

फलटणची सून

सगळ्यांचे आभार. गंडा निघाला, थरथर आहे. वन्सं फुगल्यात, फुगू देत. डॉक्टर उपासाला नाहीच म्हणाले, पुणेकर खूश व्हा. महाराजांनी नानांना फोनवर चांगलं दहा मिनिटं घेतलं, आज्ञाच केली म्हणा ना. नाना ‘बरं’ म्हणाले, पण मला बजावलं की एकादशीला ताटात कांदा-लसूण दिसता कामा नये. हे मला झेपेल.

रिंगणाचा दिवस नेमका डायलिसिसचा निघाला. सेंटरवाल्यांनी आदल्या दिवशीची संध्याकाळची पाळी दिलीय. गाडी थोरले दीर देतायत, तेही आत्यांनी सांगितल्यावर. विहिरीच्या पाळीचं अजून तसंच आहे.