बिबट्याने पाणी प्यायलं म्हणून तुम्हाला जुलाब?

दहिसरकर: काल सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांचा शोध: "विहार-तुळशीत हरणं, बिबटे पाणी पितात, म्हणून पावसाळ्यात पोटं बिघडतात. तलावांना कुंपण घाला." अहो, त्या दोन तलावांचं पाणी मुंबईला जेमतेम दोन-तीन टक्के! बाकी भातसा, वैतरणा, तानसा. दहिसर नदी जंगलातून निघते तेव्हा नितळ असते, खाली तबेल्यांचं शेण सुटतं. तेव्हा कुंपण घालायचंच तर तबेल्यांना घाला.

तबेल्याचा_नातू: आला का शेवटी आमच्या शेपटीवर पाय! शहरातल्या म्हशी १९४९ साली आरे दूध वसाहत वसवून सरकारनेच तिकडे नेल्या, माझ्या आजोबांच्याही. १९९३ साली अमेरिकेत मिल्वॉकीत ४ लाख माणसं पाण्यातल्या क्रिप्टोने (क्रिप्टोस्पोरिडियम, जुलाबाचा जंतू) आजारी पडली, तेव्हाही आधी गाईंवरच खापर. पुढे तपासणीत जंतू माणसांतल्या जातीचा निघाला.

दहिसरकर: बरं, मिल्वॉकी तुमची. पण वासरांतला पार्वम, म्हणजे क्रिप्टोचीच दुसरी जात, माणसाला होत नाही म्हणता? हगवण लागलेलं रेडकू धुतल्यावर हात धुता ना?

तबेल्याचा_नातू: तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

कांदिवलीची_काकू: आमच्या गच्चीतली टाकी तीन वर्षं धुतली नव्हती. झाकण उघडलं तर आत मेलेलं कबूतर! तुम्ही बसा बिबटे मोजत.

दाणेवाला: कबुतरांचं नाव घेतल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही वाटतं?

कांदिवलीची_काकू: जात नाही. तेच पाणी महिनाभर प्यायले मी! दाणे तुम्ही टाकणार, टाकी मी उपसणार?

दाणेवाला: झाकण नीट लावलं असतं तर पडलं असतं का? मुक्या जिवाला कशाला बोल लावता!

अंधेरीकर: २००५च्या पुरात लेप्टोने माणसं गेली, तोही असलाच परजीवी ना?

लॅबवाली: नाही हो, लेप्टो जिवाणू आहे, परजीवी नाही. क्रिप्टो, जिआर्डिया हे परजीवी. क्रिप्टोचं कवच इतकं टणक की नेहमीच्या क्लोरीनला तो जुमानतच नाही. पाणी एक मिनिट खळखळून उकळलं की मात्र मरतो. आणि भांडताय कशावर? पाणी येतं दोन-चार तास, मग पाइप रिकामा, फुटक्या जागेतून शेजारचं गटार आत ओढलं जातं. त्या गटारात म्हशीचं, कुत्र्याचं, आपलं, सगळ्यांचंच असतं.

दहिसरकर: मॅडम, मान्य. म्हणजे तबेलेवाले पूर्ण सुटले असं नाही, एवढंच.

तबेल्याचा_नातू: उपकार झाले. उद्या सकाळी दूध हवंय ना?

कांदिवलीची_काकू: टाकीवाला रविवारी येतोय. सेक्रेटरी म्हणतात, शनिवारीच बादल्या भरून ठेवा. त्याच टाकीतून!