रडणे, किरकिरणे आणि तक्रार करणे: इंग्रजी शब्दांच्या छटा मराठीत कशा आणाव्यात?

अनुवादवही (प्रश्न)

मी सध्या एका इंग्रजी कौटुंबिक कथेचा मराठी अनुवाद करीत आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘क्राय’, ‘वीप’, ‘सॉब’, ‘व्हिंपर’ आणि ‘वेल’ या पाचही शब्दांसाठी ‘रडणे’ वापरले, तर ‘व्हाइन’, ‘ग्रम्बल’ आणि ‘कम्प्लेन’ यांच्यासाठी सरसकट ‘तक्रार करणे’. खर्डा वाचल्यावर लक्षात आले की मूळ कथेत अगदी निरनिराळ्या रीतीने व्यक्त होणारी सात वर्षांची मुलगी आणि तिची आजी माझ्या अनुवादात एकसारख्याच रडू लागल्या आहेत, आणि याची मला फार खंत वाटते. एका वाक्याने तर मला दोन दिवस अडवून ठेवले आहे. आई मुलीला ‘स्टॉप व्हाइनिंग’ म्हणते, पण मुलीने टिपूसही गाळलेले नाही. तेथे ‘रडू नकोस’ कसे चालेल? कृपया मार्गदर्शन करावे.

काना_मात्रा

आधी ‘क्राय’ आणि ‘वीप’ वेगळे करावेत, कारण पुष्कळशी गफलत तेथेच होते. ‘क्राय’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ ओरडणे, पुकारा करणे, याचना करणे असा होता. अश्रू ढाळणे हा अर्थ त्याला १६व्या शतकाच्या सुमारास चिकटला. म्हणून पक्ष्याच्या आवाजालाही इंग्रजीत ‘क्राय’ म्हणतात, आणि कथेतल्या संवादापुढे ‘ही क्राइड’ असे आले तर बहुतेक वेळा तो माणूस रडलेला नसतो, ओरडलेला असतो. आपला खर्डा या एका दृष्टीने पुन्हा तपासावा, कारण ही चूक छापील अनुवादांतही मी पाहिली आहे. ‘वीप’ मात्र जुना इंग्रजी शब्द असून आज त्याचा ओढा पाण्याकडे आहे. जखमेतून लस पाझरते तेव्हाही इंग्रजीत ती ‘वीप’ करते. त्यामुळे आजी ‘वीप’ करीत असेल तर ‘तिच्या डोळ्यांना धार लागली’ किंवा ‘ती आसवे गाळीत बसली’ हे ‘रडली’पेक्षा अधिक जवळ जाईल.

बाकीचे तीन शब्द तुलनेने सोपे आहेत. ‘सॉब’मध्ये श्वास अडकतो, म्हणून हुंदके देणे किंवा स्फुंदणे, ‘व्हिंपर’मध्ये आवाज दबलेला आणि भ्यालेला असतो, म्हणून मुसमुसणे, ‘वेल’ म्हणजे टाहो फोडणे. लहान मूल ‘बॉल’ करू लागले, म्हणजे मोठ्याने गळा काढून रडू लागले, तर भोकाड पसरणे याहून चांगला शब्द मला ठाऊक नाही.

दुसरा_खर्डा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त प्रत्येक वेळी वेगळा शब्द योजलाच पाहिजे असे दडपण घेऊ नये. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात मरीयेच्या रडण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये एक क्रियापद आहे आणि येशूच्या अश्रूंसाठी दुसरे, पण १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘वीप’च आले आहे. जेथे फरकावर प्रसंग उभा आहे, तेथेच तो जपावा.

शब्दमूळ

आपण ज्या वाक्यापाशी अडलात त्याबद्दल लिहितो, कारण या प्रश्नाचा गाभा मला तेथे दिसतो. ‘व्हाइन’ हा शब्द जुन्या इंग्रजीत हवेतून सणसणत जाणाऱ्या बाणाच्या आवाजासाठी वापरीत; पुढे तो कुत्र्याच्या केविलवाण्या आवाजासाठी आणि मग माणसाच्या रडक्या सुरासाठी आला. म्हणजे त्यात अश्रू मुळातच नाहीत. आहे तो बारीक, लांबत जाणारा, ऐकणाऱ्याच्या कानाला टोचणारा सूर. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात बोलला जाणारा ‘व्हिंज’ हा त्याचाच नातलग.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘मी व्हाइन करीत आहे’ असे सहसा कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही. तो ऐकणाऱ्याने दिलेला निवाडा असतो. शब्द उच्चारताच समोरच्याचे दुःख खोटे किंवा क्षुल्लक ठरवले जाते. ‘कम्प्लेन’मध्ये असा निवाडा असेलच असे नाही. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी छाती पिटण्याची क्रिया आहे, म्हणजे आपले ऊर बडवणेच. न्यायालयातल्या वादीला इंग्रजीत ‘प्लेंटिफ’ म्हणतात तो शब्दही त्याच मुळाचा. मराठीतही शोकाची वाट अशीच न्यायालयापर्यंत गेली आहे, कारण ‘फिर्याद’ हा शब्द फारसीत मदतीसाठी फोडलेल्या आर्त हाकेचा आहे. ‘तक्रार’ मात्र अरबीत ‘पुनरावृत्ती’ या अर्थाचा. तेच तेच पुन्हा सांगणे हा ‘व्हाइन’चा एक गुण त्याच्या मुळात आहे, पण आजच्या मराठीत तो कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून ‘व्हाइन’साठी आवाज ऐकू येणारे शब्द घ्यावेत: किरकिर, पिरपिर, भुणभुण. ‘ग्रम्बल’ खालच्या पट्टीतला आहे, त्याला कुरकुर किंवा धुसफूस शोभेल, आणि नेहमीचेच दुःख उगाळणाऱ्याला ‘रडगाणे गातो’ म्हणता येईल. कोण रडते आहे यापेक्षा तो शब्द कोणाच्या तोंडी आहे ते आधी पाहावे.

अनुवादवही

सर्वांची मनापासून आभारी आहे. आईच्या तोंडी आता ‘पिरपिर बंद कर’ असे घातले आहे, आणि त्यामुळे तिचा थकवाही त्या वाक्यात उतरला असे मला वाटते. याच प्रसंगाकडे पुढे आजी मागे वळून पाहते तेव्हा मूळ लेखिकेने ‘व्हाइन’ टाळून ‘क्राय’ योजला आहे, हे मी इतके दिवस पाहिलेच नव्हते. तेथे मुलगी आईला हाक मारीत होती असा अर्थ निघतो, आणि तो परिच्छेद मी आज पुन्हा लिहायला घेतला आहे.