तीन पाहुणे, आठ घरचे: गोव्याच्या रणजी संघात जागा कुणाची?

थर्डमॅन

मोसम जवळ आला की आमच्याकडे एकच विषय निघतो: यंदा बाहेरून कोण येणार? बीसीसीआयच्या नियमाने राज्य संघाला तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात, आणि गोव्यात हा आकडा कमाल मर्यादा म्हणून कुणी वाचतच नाही, कोटा म्हणून वाचतात. तीन घेता येतात ना, मग तीन घ्यायचेच.

माझा बाहेरच्यांना विरोध नाही. येऊन लगेच जाणाऱ्यांना आहे. सिद्धेश लाड २०२२ मध्ये मुंबईहून आला, थोड्याच काळात मुंबईला परतला. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना-हरकत मागितली आणि आमच्या नाक्यानाक्यावर तो कप्तान होऊन गेला. मे महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला. यात दोघांचीही चूक नाही, ज्याने त्याने आपली कारकीर्द बघितली. पण त्या काळात आपण काय उभं केलं?

उलट विदर्भ बघा. २०१७-१८ आणि २०१८-१९, लागोपाठ दोन रणजी. वसीम जाफर आणि गणेश सतीश बाहेरचे, पण दोघे अनेक मोसम तिथे राहिले. जाफर चाळिशीला टेकला होता आणि तरणी पोरं रोज नेट्समध्ये त्याच्या शेजारी उभी होती. कप्तान फैझ फझल मात्र घरचाच.

म्हणून माझं म्हणणं: बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर किमान तीन मोसमांच्या करारावर. ते जमत नसेल तर ती जागा २३ वर्षांखालच्या मुलाला द्या, हरलो तरी चालेल. बोला.

सिलीपॉइंट

"हरलो तरी चालेल" हे धाग्यावर लिहायला सोपं आहे. २०२३-२४ ला एलिट या वरच्या श्रेणीत आपल्या गटात तळाला राहिलो आणि प्लेटमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीत गेलो, तेव्हा हीच मंडळी निवड समितीच्या नावाने खडे फोडत होती.

आणि बाहेरचा आला की घरचा मागे पडतो हे गृहीतच चुकीचं आहे. डिसेंबर २०२२, पर्वरीचं मैदान, समोर राजस्थान. अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून पदार्पणात १२० काढल्या. पेपरांनी मथळे त्याचेच दिले, बापाने १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक काढलं होतं म्हणून. पण त्याच डावात दुसऱ्या टोकाला सुयश प्रभुदेसाई होता. त्याच्या किती? २१२. आपल्याच पोराने द्विशतक काढलं, बाहेरच्याच्या सोबतीने.

तुमचा तीन मोसमांचा नियमही विदर्भानेच मोडलाय. करुण नायर कर्नाटकातून आला, दोन मोसम खेळला, २०२४-२५ चा करंडक जिंकून दिला आणि परत गेला. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याच्या ८६ आणि १३५ होत्या. तीन वर्षांची अट घातली असती तर तो नागपूरला आला असता का?

डिचोलीकर

पात्रांव, तुम्ही दोघेही मुंबई-नागपूर करत बसलात. नोव्हेंबर २०२४ विसरलात? अरुणाचलविरुद्ध पर्वरीत कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ६०६ धावा. रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी भागीदारी. जगात प्रथम श्रेणीत तिच्यापुढे फक्त संगकारा-जयवर्धनेची ६२४. दोघेही गोव्याचे. बाहेरचा एकही नको, शून्य. हरलो तर आपल्याच पोरांसोबत हरू.

सिलीपॉइंट

तो सामना प्लेट गटातला होता. अरुणाचल ८४ आणि ९२ वर गारद झाला, आपण एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकलो. त्या ६०६ धावांचं कौतुक मलाही आहे, तीनशे म्हणजे तीनशेच, उभं राहून काढाव्या लागतात. पण त्यावरून तमिळनाडू-कर्नाटकच्या माऱ्याचा अंदाज बांधू नका. आणि त्याच सामन्यात पहिल्या डावात २५ धावांत ५ बळी कुणी घेतले? अर्जुनने.

मडगावकर

शून्य बाहेरचे म्हणणाऱ्यांनी दिलीप सरदेसाईंचा विचार करावा. जन्म मडगावचा, क्रिकेट मुंबईचं. १ डिसेंबर १९६१ ला कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरले तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मुक्ती १९ तारखेची. पुढे १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा. तेव्हा मुंबईने "हा आमचा नव्हे" म्हटलं असतं तर?

शिखा पांडेचंही तेच. जन्म तेलंगणातला, पण वाढली, शिकली, क्रिकेट शिकली गोव्यात, आणि २०१४ मध्ये भारताकडून खेळली. तिला बाहेरची म्हणणार का? मला तर वाटतं या धाग्यात मुलींचं नाव चौथ्या प्रतिसादापर्यंत येत नाही हीच आपली क्रिकेट संस्कृती.

(आणि हो, आमच्या मडगावच्या सासष्टी तालुक्यात आजही पोराच्या पायात आधी फुटबॉल येतो. संघ उत्तरेकडच्या तालुक्यांतून भरतो अशी तक्रार आमच्याकडे होते, ती करताना हेही ध्यानात ठेवा.)

काणकोणची आई

मी क्रिकेटमधली जाणकार नाही. मुलगा १५ वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. तुमच्या तीन जागा त्याच्यापासून फार लांब आहेत, त्यामुळे त्यांचं मला सोयर नाही की सुतक नाही.

निवड चाचणी असते तेव्हा पहाटे निघून पर्वरी गाठायची. तिथे शंभरावर मुलं. फिरकीवाल्याला सहा चेंडू मिळतात, कधी बारा. समोरचा फलंदाज स्वतः निवडून यायला आलेला, तो प्रत्येक चेंडूवर पुढे सरसावून मारतो. दोन षटकार गेले की कागदावर फुली. फिरकी गोलंदाज सहा चेंडूंत ओळखता येतो का, हे जाणकारांनीच सांगावं. गेल्या वर्षी एका निवडकाराने मला विचारलं, "कुठल्या कोचिंगला जातो?" मुलाचं बोटात चेंडू फिरवणं बघून नव्हे, वडिलांच्या गाडीतून उतरताना बघून विचारलं. आम्ही शाळेच्या सरांचं नाव सांगितलं, तर ते पुढच्या मुलाकडे वळले.

फोंड्याचा अंपायर

बाईंनी लाखातलं विचारलं. सहा चेंडूंत फक्त वेग कळतो, म्हणून चाचणीतून उंच आणि जोरात टाकणारी पोरंच निवडली जातात. फिरकीवाल्याला सामन्यात बघावं लागतं. तेही दोन दिवसांच्या सामन्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी, चेंडू जुना झाल्यावर. चौकार खाल्ल्यावर पुढचा चेंडू कुठे टाकतो, क्षेत्ररक्षक स्वतः हलवतो की कप्तानाच्या तोंडाकडे बघतो, हे बघायचं असतं.

मी आंतरशालेय आणि क्लबांच्या सामन्यांत उभा राहतो. निवडकार बघायला आले तर येतात शेवटच्या तासाला, स्कोअरबुक मागतात, ३ बळी दिसले की नाव लिहून घेतात. ते ३ बळी शेपटाचे, म्हणजे तळाच्या फलंदाजांचे होते का, हे स्कोअरबुकातही असतं, पण त्यासाठी पान उलटावं लागतं.

थर्डमॅन, तुमचा करार वगैरे ठीक आहे. पण १६ वर्षांखालच्या मुलाला आपल्याकडे मोसमात जास्त दिवसांचे सामने किती मिळतात, हे आधी विचारा.

सत्तरी एक्सप्रेस

सामने मिळत नाहीत म्हणूनच पोरं टेनिस बॉलकडे जातात. भात कापलं की मळ्यात खेळपट्टी तयार, रात्री लाइट लावून स्पर्धा, बक्षीस रोख. आमच्या गावचा एक पोरगा असा वेग टाकतो की यष्टिरक्षक तीस पावलं मागे उभा राहतो. त्याला लेदर बॉल खेळ म्हटलं तर म्हणतो, किट कोण देणार आणि शनिवार-रविवारचे पैसे कोण बुडवणार? खरे वेगवान गोलंदाज गोव्यात आहेत. फक्त ते पर्वरीच्या नेट्सवर नाहीत.

फोंड्याचा अंपायर

अशी पोरं मी बघितलीत. दोन षटकं आग ओकतात. टेनिसच्या चेंडूला शिवण नाही आणि वजनही नाही, त्यामुळे मनगट सरळ मागे ठेवायची सवयच लागत नाही, आणि यॉर्कर सोडून दुसरी लेन्थ ठाऊक नसते. काहींचा कोपर तर असा वाकतो की लेदर बॉलच्या सामन्यात मला नोबॉलचा हात आडवा करावाच लागेल. रणजीत दिवसाला १८-२० षटकं पडतात. सोळाव्या वर्षी पकडलं तर घडवता येईल, बाविसाव्या वर्षी नाही.

सत्तरी एक्सप्रेस

सोळाव्या वर्षी पकडायला आमच्या सत्तरीत, वाळपईला कोण येतं?

थर्डमॅन

बऱ्याच जणांना एकदमच उत्तर देतो.

सिलीपॉइंट, नायरचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्याच अंतिम सामन्यात पहिल्या डावात १५३ काढणारा दानिश मालेवार विदर्भाचाच. त्याच मोसमात ६९ बळींचा विक्रम हर्ष दुबेचा, तोही तिथेच वाढलेला. नायर तयार घरात आला. आपल्याकडे अजून भिंती व्हायच्यात. म्हणून आपल्याला जाफर हवा, नायर नको.

सामन्यांबद्दल. जून ते सप्टेंबर आपण हात जोडून पावसाकडे बघत बसतो. मुंबईतही पाऊस पडतो, पण त्यांनी १९४८ पासून पावसातच कांगा लीग खेळवली. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू उसळतो, थांबतो, फलंदाजाचं तंत्र उघडं पडतं. पिढ्यानपिढ्या घडल्या त्यावर. आपण निदान मॅटिंगवर (खेळपट्टीवर अंथरायच्या चटईवर) शाळांची लीग लावू शकत नाही?

मडगावकर

पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, मुंबईहून बराच जास्त. जुलैत मॅटिंग अंथरलं तर ते वाहून मांडवीत जाईल. कांगा लीगचेही कितीतरी सामने धुऊन जातात, तेही सांगा. पावसाळ्यात मुलांना फुटबॉल खेळू द्या, पाय तरी मजबूत होतील. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने नीट वापरले तरी पुष्कळ.

डिचोलीकर

आठ महिने कुठले? मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचे डोळे आयपीएलकडे. आणि आयपीएलचं म्हणाल तर तिथेही आपली पोरं चमकलीत. स्वप्नील अस्नोडकर २००८ ला राजस्थानकडून पहिल्याच सामन्यात ३४ चेंडूंत ६०, मोसमात ३११ धावा, संघ विजेता. शादाब जकातीने २००९ ला चेन्नईकडून लागोपाठ दोन सामन्यांत चार-चार बळी घेतले. ही पोरं बाहेरच्यांच्या सावलीत नाही घडली.

सिलीपॉइंट

घडली, आणि पुढे? दोघांपैकी कुणालाही भारताची टोपी मिळाली नाही. राज्याचा संघ तळाला असला की राष्ट्रीय निवडकार तिकडे बघतच नाहीत. म्हणून म्हणतो, आधी एलिटमध्ये टिका. त्याला बाहेरचे लागले तर घ्या, एका मोसमासाठीसुद्धा.

काणकोणची आई

एक विचारते. बाहेरून येणाऱ्या मोठ्या खेळाडूच्या करारात एवढं लिहिता येईल का, की मोसमात दोनदा दक्षिणेकडे येऊन मुलांसोबत एक दिवस काढायचा? माझ्या मुलाने चांगला ऑफस्पिनर फक्त टीव्हीवर बघितलाय.

थर्डमॅन

हे माझ्या तीन वर्षांच्या अटीपेक्षा चांगलं आहे. अट सोडत नाही, पण हे कलम तिच्या वर लिहू.

फोंड्याचा अंपायर

लिहा. पण गोवा क्रिकेट संघटनेची कार्यकारिणी क्लबांच्या मतांवर निवडून येते. क्लबांना हवी असतात आपापल्या पोरांची नावं यादीत, काणकोणच्या शिबिराला मत नाही. आणि खेळाडूला तीन वर्षांनी बांधायला निघालात, तर गेल्या काही मोसमांत रणजी संघाचे मुख्य प्रशिक्षक किती बदलले तेही एकदा मोजा. नव्या प्रशिक्षकाला तो तीन वर्षांचा खेळाडू नको असला तर काय करणार?